मजकूर तपासलेला नाही

बँकेत वीस-बावीस वर्षं काढली की माणसाला जग दोनच भागांत दिसायला लागतं : सही झालेलं आणि सही राहिलेलं. लग्नाची पत्रिका हातात पडली तरी माझी नजर आधी खाली उजव्या कोपऱ्यात जाते. देवळात कोणी नवस बोलताना दिसला की मला त्या माणसाची काळजी वाटते. सगळा व्यवहार तोंडी. उद्या देवाने कानांवर हात ठेवले तर हा दाद कुठे मागणार? तेव्हा मागच्या महिन्यात आमच्या घरात जो वाद झाला, त्यात 'हसणं ही सही धरायची की नाही?' असा प्रश्न मी काढला, याचं निदान आमच्या धंद्यातल्या मंडळींना तरी नवल वाटू नये.

वाद झाला तो एका सिनेमावरून. सिनेमा अगदी वेडगळ. पण मोठ्या प्रश्नाला मोठंच निमित्त लागतं असं कुठे आहे? भावकीतले तीन-तीन पिढ्यांचे दावे बांधावरच्या एका बाभळीवरून चालतात.

सिनेमाचं नाव 'अँकरमन'. अमेरिकेत २००४ साली लागला. दिग्दर्शक अ‍ॅडम मॅके, नायक विल फेरेल आणि लिहिलाय दोघांनी मिळून. (लिहिलाय असं आपलं म्हणायचं, बरंचसं नटमंडळींनी कॅमेऱ्यासमोर उभं राहून तोंडाला येईल ते बोलून भरलंय.) काळ १९७०च्या दशकातला, गाव कॅलिफोर्नियातलं सॅन दिएगो आणि विषय टेलिव्हिजनवरच्या बातम्या. रॉन बर्गंडी हा तिथल्या एका वाहिनीवर रोज संध्याकाळी बातम्या देणारा. जाड मिशा, किरमिजी सूट, आणि केस असे बसवलेले की त्यांचा वेगळा विमा उतरवला असावा. तो बोलायला लागला की गाव गप्प. त्याच्या दिमतीला तिघे : बाहेरच्या बातम्या आणणारा ब्रायन, खेळांचा चँप आणि हवामानाचा ब्रिक. चौघांचा संसार दारू आणि परस्परांची तारीफ यांवर सुरळीत चाललेला असतो. तेवढ्यात वेरोनिका कॉर्निंगस्टोन नावाची बाई त्या कचेरीत बातमीदार म्हणून रुजू होते. तिला मांजरांचा फॅशन शो वगैरे बातम्या देऊन वाटेला लावायचा विचार असतो. पण तिला रॉन बसतो त्या खुर्चीवर बसून बातम्या द्यायच्या असतात. झालं. कथानक म्हणाल तर एवढंच. पुढे एक कुत्रा, एक पांडा आणि बरीचशी अस्वलं येतात, पण ती पाहुणी म्हणून.

बघायला आम्ही चौघं. अप्पा, म्हणजे माझे वडील, संस्कृत शिकवून निवृत्त झालेले; त्यांना ते अमेरिकी उच्चार समजत नाहीत म्हणून खालच्या ओळी वाचत होते. काही विनोद घरात मोठ्याने ऐकण्यासारखे नव्हते, पण नेमक्या त्या वेळी अप्पांना चष्मा पुसायची आठवण व्हायची. दुसरी आमची ही. तिसरे चिरंजीव, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सिनेमा त्यांनीच लावलेला. आणि चौथा मी.

आता थिएटरात हसणं आणि घरात हसणं यांत बेअरर चेक आणि अकाउंट पेयी चेक एवढा फरक आहे. थिएटरच्या अंधारात कोण हसलं याचा पत्ता लागत नाही. ज्याच्या हातात पडेल त्याचं हसू. घरात चार माणसं, ट्यूबलाइट चालू, आणि प्रत्येक हसू थेट हसणाऱ्याच्या खात्यावर जमा. अमेरिकेत १९५०च्या दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने टेलिव्हिजनसाठी हसण्याची एक पेटीच तयार केली होती. बटणं दाबली की आतून हवी तशी माणसं हसायची. ती कशासाठी लागली असेल हे मला त्या संध्याकाळी कळलं. घरात एकट्याने हसायचं माणसाच्या जिवावर येतं. कोणीतरी आधी हसून जामीन राहावं लागतं.

आमच्याकडे जामीन कोणीच राहीना. त्या ब्रायनकडे एक अत्तर असतं, त्यात म्हणे खऱ्या चित्त्याचे तुकडे घातलेले. त्याची ख्याती तो सांगतो ती अशी, की शंभरातल्या साठ वेळा ते दर वेळी लागू पडतं. मी खो खो हसलो. बाकी तिघे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना त्या हिशेबात काही चूक दिसेना! ज्याने कर्जाच्या जाहिरातीतला व्याजाचा मोठा आकडा आणि खालच्या मुंगीएवढ्या अक्षरांतल्या अटी शेजारी शेजारी ठेवून गिऱ्हाइकाला समजावून दिल्या असतील, त्यालाच त्या वाक्याची गोडी. थोड्या वेळाने वाहिनीचा साहेब सांगतो, आता कचेरीत विविधता हवी. रॉन ठामपणे म्हणतो, विविधता हे एक जुनं लाकडी जहाज होतं. मी नुसता गालातल्या गालात हसलो, पण अप्पा! खोकल्याची उबळ येईपर्यंत हसले. अहो, चाळीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेला माणूस. अशी कितीतरी लाकडी जहाजं त्यांच्या डोळ्यांसमोरून तरंगत गेलेली. मग निरनिराळ्या वाहिन्यांचे बातमीवाले सुटाबुटांत एका गल्लीत जमून एकमेकांना लाठ्याकाठ्यांनी बडवतात, घोडेस्वार जाळं घेऊन येतात, आणि हवामानाचा ब्रिक एकाला चक्क त्रिशूळ फेकून मारतो. चिरंजीव सोफ्यावरून खाली. अप्पांनी विचारलं, "अरे, हे काय चाललंय?" चिरंजीव म्हणाले, "आजोबा, टीआरपी."

हा ब्रिक मोठा पेचाचा माणूस. त्याचा बुद्ध्यांक ४८ आहे असं आपल्याला सुरुवातीलाच सांगून टाकलेलं. तो काहीही बोलतो, भलत्या वेळी बोलतो, आणि सगळ्यांत निर्मळ तोच. त्याला बघून आम्ही चौघंही हसलो, आणि हसता हसता चौघांनीही एकमेकांकडे पाहिलं. हे मी काउंटरवर पुष्कळदा पाहिलंय. सही करता करता माणूस मान वर करून बाजूला बघतो, तेव्हा ओळखावं, की हा कागद त्याने नीट वाचलेला नाही आणि ते त्याला आत्ता आठवलंय.

अप्पांच्या मते हा सगळा प्रकार भरतमुनींच्या ओळखीचा आहे. नाट्यशास्त्रात हसण्याच्या सहा पायऱ्या लावून दिल्यात : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिल्या दोन उत्तम माणसांच्या, मधल्या दोन मध्यमांच्या, शेवटच्या दोन अधमांच्या. स्मितात दात दिसत नाहीत. अतिहसितात डोळ्यांतून पाणी येतं आणि माणूस दोन्ही हातांनी कुशी धरतो. चिरंजीवांनी कुशी धरलेल्याच होत्या, त्यामुळे त्यांची प्रतवारी जागच्या जागी झाली. पण मला भावलं ते पाचवं, अपहसित. अस्थानी हसणं, नको तिथे हसणं, याच्यासाठी भरतमुनींनी वेगळा रकाना ठेवलाय. म्हणजे माणूस नको तिथे हसणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. हिशेबनीस व्हायची त्यांची लायकी होती.

आता ज्या विनोदावर मी सगळ्यांत जास्त हसलो, त्याबद्दल. बातम्या देणाऱ्याच्या समोर, कॅमेऱ्याच्या भिंगापुढे, एक काच तिरकी बसवलेली असते. मजकूर तिच्यावर उमटतो. वाचणाऱ्याला तो दिसतो, काचेमागच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यामुळे वाचणारा सरळ आपल्या डोळ्यांत बघून बोलतोय असं वाटतं. हे टेलिप्रॉम्प्टर नावाचं यंत्र अमेरिकेत १९५०च्या सुमारास निघालं. रॉन बर्गंडीचा स्वभाव असा, की त्या काचेवर जे येईल ते तो वाचतो. काहीही. एकदा त्याच्या नावापुढे कोणाच्या तरी हातून प्रश्नचिन्ह पडतं, तर हा पठ्ठ्या, मी रॉन बर्गंडी आहे का, अशा सुरात स्वतःचं नाव विचारून मोकळा! साहेब कपाळावर हात मारून घेतो. किती वेळा सांगितलं, काचेवर जपून लिहा, हा माणूस वाचणार.

आँरी बर्गसाँ नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली हसण्यावर एक पुस्तक लिहिलं. कॉमर्सवाल्याच्या हाती ते कसं लागलं हे विचारू नका. ऑडिटच्या दिवसांत माणूस काहीही वाचतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जिवंत माणूस यंत्रासारखा वागायला लागला की आपल्याला हसू येतं. रॉनच्या प्रश्नचिन्हाला हे इंचाइंचाने लागू पडतं. पण बर्गसाँ आणखीही एक गोष्ट म्हणून गेलाय. हसायचं तर काळजाला घटकाभर भूल द्यावी लागते. मला त्या काचेवर हसू आलं, त्यात ही भूल पुरती उतरलेली नव्हती. कारण काउंटरवर बसून मी दुसरं काय करतो? वरून परिपत्रक येतं, मी वाचून दाखवतो. "साहेब, नियम बदललाय." का बदलला? ते काचेवर लिहिलेलं नाही.

अप्पांना मात्र त्या काचेचाच राग आला. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. पुढे आमच्या शेजारच्यांनी टीव्ही घेतला आणि संध्याकाळी सगळा वाडा तिथे बातम्यांना जमायला लागला. सुरुवातीच्या त्या दिवसांत बातम्या देणारी माणसं हातातल्या कागदाकडे बघायची, मग वर बघायची, मग परत कागदाकडे. अप्पा म्हणाले, "मान खाली गेली की कळायचं, हा वाचतोय. लिहिलं दुसऱ्याने, वाचतो हा. व्यवहार स्वच्छ. त्या काचेने मान खाली घालायची सोयच काढून घेतली. आता वाचणारा सगळं माहीत असल्यासारखा दिसतो." मला हे पटलं. काचेमुळे रॉन खोटं बोलत नाही, पण त्याला सगळं ठाऊक आहे असं गावाला वाटतं, आणि पुढे पुढे ते त्यालाही वाटायला लागतं. त्याच्या सगळ्या मिजाशीचं मूळ तिथे असावं.

एवढा वेळ ही गप्प होती. मला वाटलं, भाजीचा विचार करत असेल. मग लक्षात आलं, की सिनेमा निम्मा झाला तरी ही एकदाही हसलेली नाही. चौघे पुरुष आळीपाळीने त्या वेरोनिकाच्या मागे लागतात, अत्तरं लावतात, फजीत होतात, ती खुर्चीपाशी पोचतेय असं दिसल्यावर तिला छळतात. फजिती त्यांचीच होते, तेव्हा हसायला काय हरकत? असं मी म्हटल्यावर ही म्हणाली, "तुम्ही हसा की. मी कुठे अडवलंय?"

लग्नाला बरीच वर्षं झालेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ कळतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी जरा या सिनेमाची कुळकथा शोधली. विल फेरेलने जेसिका सॅविच हिच्यावरचा एक माहितीपट पाहिला, त्यातून ही कल्पना निघाली. ही बाई १९७०च्या दशकात फिलाडेल्फियाच्या वाहिनीवर बातम्या द्यायला आली. तिच्या शेजारी बसणारे मॉर्ट क्रिम त्या माहितीपटात, आपण त्या वेळी तिच्याशी कसे वागलो, हे स्वतःच कबूल करतात. फेरेलला त्या कबुलीतला जुन्या पुरुषी थाटाचा सूर गमतीचा वाटला आणि त्यातून रॉन जन्माला आला. सॅविच पुढे एनबीसीसारख्या देशभर दिसणाऱ्या वाहिनीवर पोचली आणि १९८३ साली, छत्तिसाव्या वर्षी, मोटारीच्या अपघातात गेली. अमेरिकेच्या मोठ्या वाहिन्यांवर संध्याकाळच्या बातम्यांना पुरुषाच्या जोडीला पहिली बाई बसली ती १९७६ साली, बार्बरा वॉल्टर्स. आणि शेजारच्या हॅरी रीझनर यांना ते मानवलेलं नाही हे पडद्यावरसुद्धा दिसायचं. ती जोडी १९७८मध्ये मोडली. सिनेमात अस्वलं सोडली तर फारशी अतिशयोक्ती नव्हती म्हणायची.

हे मी जेवताना सांगितलं. अप्पांना स्फुरण चढलं. "आणि आपल्याकडे बघ! त्याच सुमाराला मुंबई दूरदर्शनवर स्मिता पाटील बातम्या वाचत होती. कोणी ब्र काढला नाही." हिने अप्पांच्या पानात भात वाढला आणि शांतपणे विचारलं, "वाचत होती हो अप्पा. काय वाचायचं ते कोण ठरवत होतं?" अप्पांनी भातावर वरण मागितलं.

पण ही हसली नाही असं मी म्हटलं, ते शेवटापर्यंत खरं नाही. एक जागा आली. रॉन आणि वेरोनिका यांचं आधी जमतं, मग खुर्चीवरून बिनसतं, आणि बिनसल्यावर रॉन जे करू नये ते सगळं करतो. वेरोनिकाला एव्हाना ठाऊक झालेलं असतं, की हा काचेवरचं काहीही वाचतो. ती गुपचूप त्या काचेवरचा शेवटचा मजकूर बदलते. रोज रात्री रॉन गावाचा निरोप घेतो, त्या जागी गावाला उद्देशून एक सणसणीत शिवी. रॉन हसतमुखाने, खर्जातल्या भारदस्त आवाजात, ती शिवी सगळ्या सॅन दिएगोला देतो आणि समोरचे कागद जुळवायला लागतो. आपण काय बोललो हे त्याला कळलेलंसुद्धा नाही. गाव पेटतं, नोकरी जाते.

इथे ही हसली. पदर तोंडाशी नेऊन, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. चिरंजीवांनी तिला पाण्याचा ग्लास आणून दिला. अप्पा माझ्या कानाशी लागले, "अतिहसित."

आणि मी? मला हसू आलं, पण सहीवर येऊन अडकलं. अहो, हा सरळसरळ बनावट दस्तऐवज! आमच्याकडे एक माणूस नोंद करतो, त्याला मेकर म्हणतात. दुसरा तपासून ती पक्की करतो, तो चेकर. वेरोनिकाने काय केलं? दुसऱ्याच्या नोंदीत हात घातला. आमच्या शाखेत असं झालं असतं तर त्याच संध्याकाळी निलंबन. हे मी बोलून दाखवलं. ही म्हणाली, "आणि तुमचा तो चेकर काय करत होता? त्याने तपासलं का?" नाही तपासलं. "रोज कोण काय लिहून देतं ते बघितलं का त्याने कधी?" नाही बघितलं. "मग पगार कसला घेत होता? केसांचा?"

याला आमच्या नियमावलीत उत्तर नाही. खोट्या सहीवर पैसे दिले तर खातेदार नाही, बँक अडकते, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. खोटी सही करणारा चोर खरा, पण सही ताडून बघणं हे आपलं काम होतं. आता गंमत अशी, की याच अ‍ॅडम मॅकेने पुढे २०१५ साली 'द बिग शॉर्ट' नावाचा सिनेमा काढला, आणि त्याच्या पटकथेला ऑस्कर मिळालं. तो २००८च्या अमेरिकी आर्थिक घसरगुंडीवर आहे. त्यात बड्या बड्या माणसांनी बुडीत गृहकर्जांचे गठ्ठे आतला मजकूर न बघताच उत्तम म्हणून शेरा मारून पुढे सरकवलेले. म्हणजे काचेवरचं न समजता वाचणारी माणसं, ही या मॅकेची जुनीच खोड दिसते. पहिल्या खेपेस त्याने त्यांना मिशा लावल्या, एवढंच.

असो. मूळ प्रश्न, हसणं ही सही का? जेवणानंतर सुपारी कातरताना मी माझा निकाल दिला. हसणं ही सही नव्हे. सही करण्याआधी वाचायला अवकाश असतो; हसू त्या रॉनसारखं, काचेवर आलं की बाहेर. तेव्हा हसणं म्हणजे फार तर पोच. कचेरीत लखोटा आला की आपण त्यावर शिक्का मारतो आणि हुशार कारकून शिक्क्याखाली लिहून ठेवतो : 'पोचले. मजकूर तपासलेला नाही.' लखोट्यात वकिलाची नोटीस असो नाहीतर सत्यनारायणाचं आमंत्रण, शिक्का तोच. शिक्का मारला म्हणजे नोटीस कबूल केली असं कोणी कोर्ट म्हणत नाही. तेव्हा ब्रिकवर हसलो म्हणून आपण दुष्ट ठरत नाही, आणि त्या चौघांच्या चाळ्यांवर हसलो म्हणून आपण त्यांतले होत नाही. पोच दिली, विषय संपला.

मला हा निकाल फार आवडला. चिरंजीवांनी बघता बघता मोबाइलवरून त्याच्या पायाखालची सतरंजी ओढली.

त्यांनी काढलेली हकीगत अशी. 'अँकरमन' मुळात असा नव्हताच. आधी त्यात पांडा नव्हता. 'अलार्म क्लॉक' नावाची एक क्रांतिकारक टोळी होती आणि ती बँका लुटायची. तो सिनेमा मोजक्या प्रेक्षकांना बोलावून दाखवला आणि लोक कुठे हसतात ते पाहिलं. तो लुटालुटीचा भाग लोकांना रुचला नाही. (बँक लुटण्यात हसण्यासारखं काही नाही हे त्या प्रेक्षकांना उपजत कळलं, याबद्दल मी आमच्या सगळ्या शाखेच्या वतीने त्यांचा आभारी आहे.) मग ते कथानक काढून टाकलं, पांड्याची गोष्ट नव्याने चित्रित केली, आणि काढलेल्या तुकड्यांचा वेगळा सिनेमा जोडून 'वेक अप, रॉन बर्गंडी' या नावाने त्याच वर्षी बाजारात आणला. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात.

"म्हणजे बघा बाबा," चिरंजीव म्हणाले, "लोक जिथे हसले ते राहिलं, नाही हसले ते गेलं. तुम्ही पोच म्हणून शिक्का मारलात, पण त्यांनी तो मंजुरी म्हणून धरला."

मी सुपारी तोंडात टाकली. बोलायला काही नसेल तेव्हा तिच्यासारखी सोय नाही.

मग हिने एक गोष्ट सांगितली. लग्नाआधी ही एका कचेरीत लागली होती. कोणती ते सोडून द्या. विभागात पंधरा पुरुष आणि ही एकटी. पहिल्याच दिवशी मीटिंगमध्ये तिथले एक वरिष्ठ म्हणाले, "आता आपल्याकडे चहात साखर नीट पडेल." सगळे हसले. हीसुद्धा हसली; नवीन नोकरी, न हसून सांगते कोणाला? दुसऱ्या मीटिंगला तेच वाक्य. परत सगळे हसले. ही तिथे तीन वर्षं होती. दर सोमवारी साखर. हिने एकदा केलेल्या टिपणावर त्या विभागाचं वर्षाचं अंदाजपत्रक बेतलं गेलं, त्या दिवशीसुद्धा आधी साखर झाली, मग अंदाजपत्रक. "बरं, माणूस वाईट नव्हता हो," ही म्हणाली. "माझ्या लग्नात आहेर घेऊन आला होता. त्याला वाटायचं, मला ते आवडतं. का नाही वाटणार? मी हसत होते ना दर सोमवारी. पंधरा जणांचा दर आठवड्याला ट्रायल शो, आणि दर वेळी हाउसफुल."

कोणी काही बोललं नाही. अप्पांनी चष्मा पुसायला घेतला.

"मग आज त्या शिवीवर एवढी कशी हसलीस?" मी जरा वेळाने विचारलं. खोचक विचारलं नव्हतं, खरंच जाणून घ्यायचं होतं. ही म्हणाली, "मजकूर तपासला, आणि मग हसले."

यावर मी पुष्कळ विचार केला. बसमध्ये केला, रोकड मोजताना केला (त्या दिवशी रोकड दोनदा मोजावी लागली). प्रत्येक हसू आधी तपासून सोडायचं ठरवलं तर हसू येईपर्यंत शनिवार उजाडेल, आणि तो दुसरा किंवा चौथा निघायचा. तसलं हसणं मला नको. भरतमुनींनी त्याला सातवा रकाना दिला नाही यातच सगळं आलं. ब्रिकने त्रिशूळ फेकला तेव्हा मी तपासत बसलो असतो तर आयुष्यातलं एक चांगलं हसू गेलं असतं. पण पहिल्यांदा हसणं आणि दुसऱ्या सोमवारी हसणं यांत फरक आहे, एवढं मला मानावं लागतं. पहिल्यांदा ते काचेवरून वाचल्यासारखं आपोआप येतं. दुसऱ्यांदा आपल्याला मजकूर ठाऊक असतो. नमुना सही आपल्या दप्तरात असते, ताडून बघता येते. नेमका तो फरक कोणत्या सोमवारी पडतो हे सांगायला मात्र आमच्याकडे परिपत्रक नाही.

गेल्या पंधरवड्यात आमच्या शाखेत नवीन शाखाधिकारी आल्या. वय तिशीच्या आतबाहेर. दुसऱ्याच दिवशी एक जुने खातेदार, चांगले सभ्य गृहस्थ, त्यांच्या केबिनमध्ये डोकावून म्हणाले, "मॅडम, साहेब कुठे गेलेत?" त्या म्हणाल्या, "मीच आहे, बसा." गृहस्थ काउंटरकडे वळले आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वा! म्हणजे आता बँकेतही गृहखातंच!" आणि हसून आमच्याकडे बघायला लागले. वाट बघत उभे राहिले म्हणा ना.

मी हसलो नाही. त्यात पराक्रम काही नाही, मी खाली वाकून प्रिंटरात अडकलेलं एक पासबुक ओढत होतो. पण कॅशियर हसले नाहीत, कर्जविभाग हसला नाही, आणि आमचा शिपाई, जो कशालाही हसतो, तो स्टॅम्प पॅडवर शाई घालण्यात गढून गेला होता. गृहस्थांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे पाहिलं. मग केबिनमध्ये जाऊन बसले आणि मुदत ठेवीचे दर विचारायला लागले. मधल्या वेळात प्रिंटर तेवढा एकदा खरखरला, पण ते पासबुक निघाल्यामुळे.